नौकेचा ‘परंपरागत’ रंग : युक्तिकल्पतरूंतील एका वचनाची परीक्षा

जुन्या घाटाची लांकडी होडी घरच्या आवारांत स्वतःच्या हातानें बांधावी, अशी हौस असणारे लोक थोडे असले तरी अजून आहेत. फळ्या बसून फटी बुजल्या कीं त्यांतील प्रत्येकापुढें एकच प्रश्न उभा राहतो : हिला रंग कोणता द्यावा? बांधणीचें ज्ञान सुताराकडून मिळतें, लांकडाचें वखारींत मिळतें. जुना रंग कोणता हें मात्र दोघांसहि सांगतां येत नाहीं, कारण त्यांच्या हयातींत होड्यांना डब्यांतील तयार रंगच लागत आला आहे. मग हौशी मनुष्य पुस्तकाकडे वळतो, आणि पुस्तक त्यास विलक्षण ठाम उत्तर देतें. चार डोलकाठ्यांच्या नौकेस पांढरा, तीन डोलकाठ्यांच्या नौकेस तांबडा, दोन असल्यास पिवळा व एकच असल्यास निळा रंग द्यावा, असा प्राचीन भारतीय नियम असून तो धारानगरीच्या भोजराजानें ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत सांगितला आहे, असें हें उत्तर. होडीस डोलकाठी एक, तेव्हां होडी निळी झाली. पश्चिम किनाऱ्यावर निळ्या होड्या आज पुष्कळ दिसतात; त्यामुळें ग्रंथ आणि किनारा यांचा मेळ बसल्याचें समाधानहि फुकट पदरांत पडतें.

हा मेळ बनावट आहे असें आमचें मत आहे. प्रश्न एखाद्या हौशाच्या होडीपुरता असता तर त्यासाठीं त्रैमासिकाचीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या वचनावरून होडी रंगते त्याच वचनावरून जहाजांचे नमुने, पुस्तकांतील चित्रें व उत्सवांतील देखावे रंगविण्याचा मोह होतो. आंग्र्यांचें आरमार इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत जळून खाक झालें. त्यांतील एकहि गुराब आज पाहण्यास उरलेली नाहीं. जी वस्तु उरली नाहीं तिला आपण जो रंग देऊं तोच पुढील पिढ्यांच्या डोळ्यांत बसणार. म्हणून ज्या वचनाच्या आधारें तो द्यावयाचा, तें वचन मुळांत काय म्हणतें हें पाहिलें पाहिजे.

युक्तिकल्पतरूची ओळख आधुनिक वाचकांस प्रथम हस्तलिखितांच्या यादींतून झाली. राजेंद्रलाल मित्र यांनीं आपल्या संस्कृत हस्तलिखितांच्या वर्णनांत त्याची नोंद केली. पुढें राधाकुमुद मुखर्जी यांनीं कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांतील प्रत पाहून तींतील नौकाप्रकरणाचा सारांश भारतीय नौकानयनावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत इ. स. १९१२ सालीं दिला. मूळ ग्रंथ ईश्वरचंद्र शास्त्री यांच्या संपादनाखालीं कलकत्ता ओरिएंटल ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून इ. स. १९१७ सालीं छापून निघाला. म्हणजे सारांश आधीं पसरला आणि मूळ मागाहून आलें. हस्तलिखितांचा व्यवहार ज्यांस ठाऊक आहे त्यांस अशा क्रमाचा परिणाम सांगावयास नको. पुढील लेखकांनीं सारांशाचाच सारांश केला, आणि मूळ श्लोक उघडून पाहण्याची गरज कोणास भासेनाशी झाली.

मुखर्जींच्या ग्रंथाचें ऋण मोठें आहे. भारतीयांस समुद्राची ओळखच नव्हती असा समज त्या काळीं सर्रास बोलून दाखविला जात असे. त्यास त्यांनीं पुराव्यांचा ढीग रचून उत्तर दिलें. पण ढीग रचणारास प्रत्येक वीट वाजवून पाहण्याची सवड नसते. रंगाची वीट अशीच न वाजवितां बसली आहे.

मूळांतील शब्द असे आहेत कीं त्यांचा अर्थ ‘डोलकाठी’ असा घेण्यापूर्वीं थांबावें. ग्रंथकार नौकेस चतुःशृंगा, त्रिशृंगा, द्विशृंगा, एकशृंगिणी अशीं विशेषणें लावतो. शृंग म्हणजे शिंग, शिखर, उंच टोंक. डोलकाठीस संस्कृतांत कूपक, गुणवृक्ष असे नेमके शब्द असतांना येथें शृंग कां वापरलें, हा प्रश्न सारांशकारानें विचारावयास हवा होता. त्या वचनाच्या लगेच पुढें नौकेच्या मुखावर कोणकोणतीं तोंडें बसवावीं याचा विचार आहे, व नौकेवरील मंदिरें म्हणजे दालनें यांचें वर्णन त्याच प्रकरणांत आहे. तेव्हां शृंगें म्हणजे दालनांचीं शिखरें किंवा नाळेवरचीं शोभेचीं टोंकें असूं शकतील. डोलकाठी हा अर्थ अशक्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो एकमेव अर्थ म्हणून छापला गेला हें अनुचित झालें. शृंग शब्दाचा अर्थ सुटला कीं ‘एक डोलकाठी म्हणून निळी होडी’ हा सबंध हिशेबच कोसळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट रंगांच्या क्रमांत आहे. पांढरा, तांबडा, पिवळा, निळा हा क्रम ओळखीचा नाहीं काय? महाभारताच्या शांतिपर्वांतील भृगु-भरद्वाज संवादांत ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा व शूद्रांचा काळा सांगितला आहे. वास्तुग्रंथांत घराची भूमि निवडतांना मातीचे हेच चार रंग याच क्रमानें येतात, आणि रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्यांसहि चार वर्ण लावलेले आहेत. युक्तिकल्पतरु हा राजाच्या उपकरणांचा ग्रंथ आहे. आसन, छत्र, ध्वज, रत्न, खड्ग, अश्व, गज आणि शेवटीं यान असा त्याचा विषयविस्तार. चातुर्वर्ण्याचें माप हातीं घेऊन तो एकेक वस्तु मोजीत जातो. नौकाप्रकरणाच्या आरंभींच लांकडाचे चार वर्ण केले आहेत : हलकें व मऊ तें ब्राह्मण, हलकें व कठीण तें क्षत्रिय, मऊ व जड तें वैश्य, कठीण व जड तें शूद्र. ज्या ठिकाणीं सोनें, रुपें, तांबें व तिहींचें मिश्रण अशा चार धातूंनीं नौकेचें चित्रण सांगितलें आहे, त्या ठिकाणीं तर ‘ब्रह्मादि’ असा शब्दच पडला आहे. त्याच्या पाठोपाठ चार रंग. नाळेवर बसवावयाचीं सिंह, महिष, नाग, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक व मनुष्य अशीं आठ मुखें सांगून तीं आदित्यादि ग्रहांच्या दशेंत जन्मलेल्यांसाठीं आहेत असें म्हटलें आहे. म्हणजे नाळेवर बेडूक बसवावा कीं हत्ती, हें नौकेच्या मालकाच्या पत्रिकेवरून ठरावयाचें! इंग्रजी सारांशांत हे दुवे गळाले. चार धातु, चार रंग व चित्रविचित्र मुखें एवढेंच उरलें, आणि जो विधि होता त्यास गोदींतल्या कामाच्या नियमाचें रूप आलें.

कोणी म्हणेल, विधि असला म्हणून तो आचरणांत नव्हता कशावरून? शंका रास्त आहे. त्याच प्रकरणांतील दुसरें एक वचन घेऊन तिची तड लावतां येते. समुद्रांत लोहचुंबक असतात, ते लोखंड ओढून नौकेस संकटांत घालतात, म्हणून तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें ग्रंथकार सांगतो. कारण उघडच कल्पित आहे. पण प्रथा खरी आहे. काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवलेल्या नौका पश्चिम सागरावर होत्या ही गोष्ट पेरिप्लसच्या ग्रीक कर्त्यानें पहिल्या शतकांत नोंदली आहे, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें होर्मुझ येथें तीच पाहिली. म्हणजे वचनास बाहेरून साक्ष मिळाली कीं आपण प्रथा स्वीकारतों व कारण सोडून देतों. रंगाच्या वचनास अशी बाहेरची साक्ष कोणती? मुखर्जींनीं दिलेली नाहीं, व त्यांच्यामागून वचन उद्धृत करणारांनींहि ती शोधली नाहीं.

ग्रंथाचें कर्तृत्व भोजाकडे देतात, पण ‘भोजमते’ असा तृतीय पुरुषी निर्देश त्यांतच येतो. संस्कृत ग्रंथकार स्वतःचें नांव असें घालतात हें खरें. तरी प्रक्षेपाचा किंवा संग्राहकाच्या हाताचा संशय घेण्यास जागा राहते. एक गोष्ट भोजाच्या बाजूची म्हणून सांगितली पाहिजे. इ. स. १०२० च्या बांसवाडा व बेटमा येथील त्याच्या ताम्रपटांत कोंकणविजयाच्या पर्वाचा उल्लेख आहे. तेव्हां धारेच्या राजास समुद्रकिनारा अगदींच परका नव्हता. परंतु स्वारीवर गेलेला राजा गोदींतील रंगाऱ्याच्या मडक्यांत डोकावला असेल, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां आपल्या घरच्या साधनांकडे वळूं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या आरमाराचे प्रकार येतात : गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें. नांवें आहेत, रंग नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण तर व्यवहाराच्या बारकाव्यांनीं भरलेलें आहे. गुराबा फार थोर नाहींत व फार लहान नाहींत अशा मध्यम असाव्या, पावसाळ्यांत आरमार छावणीस कोठें घालावें, लांकूड तोडतांना रयतेचे आंबे-फणस कां वगळावे, इतकें सर्व सांगणाऱ्या मुत्सद्द्यानें डोलकाठीगणिक रंगाचा नियम असता तर तो वगळण्याचें कारण दिसत नाहीं. मौनावरून अनुमान काढणें नेहमींच धोक्याचें. परंतु येथें मौन अशा माणसाचें आहे ज्यास दोरखंडाचीहि काळजी होती.

चित्रें ही दुसरी साक्ष म्हणून पुढें केली जातात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील तीन डोलकाठ्यांचें जहाज सर्वांत जुनें व सर्वांत प्रसिद्ध. त्याचें अंग तपकिरी दिसतें, म्हणून पांचव्या शतकांतील जहाजें तपकिरी होतीं असें म्हणावें काय? अजिंठ्याच्या चित्रकारापाशीं तांबडी व पिवळी माती, पांढरी माती व चुना, काजळ, हिरवी माती आणि मोलाचा राजवर्त एवढीच रंगसामग्री होती. त्या भिंतीवर लांकूड, कातडें, हत्ती व माणूस हीं सर्व त्याच चार मडक्यांतून निघालीं आहेत. शिवाय दीड हजार वर्षांची धूळ, धूर आणि मागाहून लावलेलें वार्निश यांनीं मूळ रंग किती बदलला याचा हिशेब वेगळाच. जहाजाचा घाट, शिडें, मागें रचलेले रांजण यांसाठीं तें चित्र अमोल आहे. रंगाच्या बाबतींत तें चित्रकाराच्या पेटीविषयीं बोलतें, जहाजाविषयीं नाहीं.

सोल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराचे ठसे संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत, म्हणून त्यांविषयीं थोडें अधिक लिहितों. हा गृहस्थ इ. स. १७९१ पासून १८०३ पर्यंत कलकत्त्यास होता. त्यानें तेथील नौकांचे अनेक प्रकार स्वतः पाहून कोरले. त्याची रेषा विश्वसनीय आहे. पण रंग हा रेषेच्या मागून, कागद छापून वाळल्यावर, हातानें भरलेला. त्याची पहिली आवृत्ति कलकत्त्यास १७९६ ते १७९९ मध्यें निघाली, आणि इ. स. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओर्म नांवाच्या प्रकाशकानें त्याच्या परवानगीशिवाय नक्कल काढून तिच्यांत अधिक झगझगीत रंग घातले. सुट्या ठशांचा बाजार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हेंहि ठाऊक आहे कीं कोरा ठसा रंगवून विकला म्हणजे चार पैसे अधिक येतात. अशा ठशावरील नौकेच्या रंगाचा दाखला देणारानें तो कोणत्या आवृत्तींतील व तिच्या कोणत्या प्रतींतील हें सांगितल्याशिवाय त्यास पुरावा म्हणूं नये. विजयदुर्गच्या आगीचें डॉमिनिक सेरेस यानें रंगविलेलें तैलचित्र ग्रीनिच येथें आहे. तें इ. स. १७७१ मधील, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनीं इंग्लंडांत काढलेलें; त्यांतील आंग्र्यांच्या जहाजांचा रंग मुख्यतः ज्वाळांचा आहे.

ग्रंथ व चित्रें बाजूस सारल्यावर उरतो तो पदार्थांचा पुरावा, आणि तोच आमच्या मतें सर्वांत बोलका आहे. लांकडी नौकेस जें लावितात तें शोभेकरितां नव्हे. पाणी, ऊन आणि लांकूड पोखरणारा समुद्रकिडा यांपासून तिचें रक्षण व्हावें म्हणून. दहाव्या शतकांत सिराफच्या अबू झैदनें देवमाशाची चरबी इतर द्रव्यांत मिसळून जहाजाच्या सांध्यांस लावीत असल्याचें लिहिलें आहे. मार्को पोलोनें होर्मुझच्या जहाजांस डांबर न लावतां माशाचें तेल चोळतात असें सांगितलें. हे दोन्ही दाखले इराणी आखातांतील आहेत. ते जसेच्या तसे कोंकणास लावूं नयेत. पण आपल्या किनाऱ्यास अधिक जवळचा एक दाखला आहे. त्रिंकोमाली येथील सरकारी गोदींत मुख्य नौकाकार असलेल्या जॉन ईडी यानें मलबार, चोळमंडल व सिंहलद्वीप येथील देशी नौकांचें वर्णन लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत इ. स. १८३४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत पतमारीच्या तळावर खोबरेल व राळ घालून मळलेल्या चुन्याचा थर देतात, आणि तो किड्यापासून फळ्यांचें उत्तम रक्षण करतो असें आहे. हा मनुष्य स्वतः जहाजें बांधणारा. त्याची नजर चित्रकाराची नसून कारागिराची आहे, म्हणून त्याच्या एका वाक्यास आम्ही दहा ठशांहून अधिक वजन देतों.

यावरून कसें रूप उभें राहतें पाहा. पाण्याखालचा भाग चुन्यानें पांढुरका. पाण्यावरचा भाग तेल पिऊन पिऊन काळसर झालेला, कारण माशाचें तेल उन्हांत सुकतांना गडद होतें व दरसालच्या हातानें अधिकच गडद होत जातें. असल्या होडीस रंग दिलेला नसतो. तिला रंग येतो. जो साग माखलाच नाहीं तो उन्हापावसांत राखाडी पडतो. पांढरा, काळसर, राखाडी, हे तीन रंग कोणत्याहि शास्त्रवचनाशिवाय किनाऱ्यावर सिद्ध झालेले आहेत.

येथें निळ्या रंगाचा स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण घोटाळ्याचें मूळ तेंच. पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस जुने रंग नांवानिशीं परिचित आहेत : ओळी व दंड रंगविण्याचा हिंगूळ, चुकलेलें अक्षर झांकण्याचा हरताळ, गेरू, काजळ, नीळ. पोथी कपड्यांत बांधून पेटींत राहते, म्हणून हे सर्व तींत टिकतात. समुद्रावर गोष्ट निराळी. हिंगूळ उन्हानें व खाऱ्या हवेनें काळवंडतो. हरताळ विषारी, आणि शिसें किंवा तांबें असलेल्या रंगाशेजारीं तो बिघडतो. निळीचा रंग तेलांत कालवून उघड्यावर ठेवला तर प्रखर उजेडांत उडतो. राजवर्त टिकाऊ, पण तो बदकशानच्या खाणींतून येई व तोलून विकला जाई. त्यानें होडी रंगविण्याची कल्पना कुबेरासहि झेपणारी नाहीं. स्वस्त व टिकाऊ असा निळा रंग प्रथम मिळाला तो अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें प्रशियन निळा सांपडल्यावर, आणि कृत्रिम राजवर्त इ. स. १८२८ सालीं फ्रान्समध्यें साधल्यावर. म्हणजे अकराव्या शतकांतील कोळ्यानें एका डोलकाठीची होडी आजच्यासारखी निळी रंगवावी असा नियम करणें म्हणजे जें द्रव्यच उपलब्ध नव्हतें त्याची आज्ञा करणें होय. संस्कृत ‘नील’ शब्दाची व्याप्ति मात्र मोठी आहे. दाट सांवळा, काळसर असाहि त्याचा अर्थ होतो, व शांतिपर्वांतील चौथा वर्ण काळाच आहे. तसा अर्थ घेतला तर एकशृंगी नौकेचा ‘नील’ रंग तेल प्यालेल्या होडीच्या अंगाशीं जुळतो. हें साम्य मोहक आहे, पण त्यावर कोणीं इमला चढवूं नये. वर्णक्रमांत चौथ्या जागीं काळा येणारच होता, होडी असो वा हिरा.

मग आजच्या निळ्या होड्यांचें काय? जून-जुलैची मासेमारीबंदी आणि नारळी पौर्णिमा यांच्या दरम्यान होड्या किनाऱ्यावर ओढून खरवडतात व नव्यानें रंगवितात. त्या वेळीं दुकानांत जो टिकाऊ रंग मिळतो तो लागतो. त्यांत मालकाची आवड, वाड्याची चाल, देवाचा रंग हें सर्व मिसळतें आणि त्यांतून खरोखर सुंदर वस्तु निर्माण होते. शिवाय २००८ च्या नोव्हेंबरांतील मुंबईवरील हल्ल्यानंतर कोणती नौका कोठली हें दुरून ओळखतां यावें म्हणून मासेमारी नौकांस राज्यवार रंगसंकेत ठरवून देण्यांत आले. दोनशें वर्षांनीं एखादा संशोधक हे रंग पाहून त्यांत कोळ्यांचा प्राचीन कुलाचार शोधूं लागला तर त्यास हंसूं नये. युक्तिकल्पतरूच्या बाबतींत आपण याच्याच उलट बाजूनें तेंच केलें आहे.

अलीकडील एक प्रयत्न या दृष्टीनें उल्लेखनीय आहे. अजिंठ्याच्या जहाजावरून गोव्यांत बांधलेली व काथ्यानें शिवलेली ‘कौंडिन्य’ नौका २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें भारतीय नौदलांत दाखल झाली. तिच्या शिडांवर गंडभेरुंड व सूर्य, नाळेवर सिंहव्याळ आणि फळीवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर आहे. या अलंकारांत दोन-तीन हजार वर्षांचें अंतर एकत्र नांदत आहे, आणि आमच्या अभिरुचीस तें अंमळ दाटीचें वाटतें. परंतु बांधणारांनीं अलंकार कोठला कोणता हें उघड सांगितलें आहे, आणि नौकेचें अंग लांकडाच्याच वर्णाचें ठेविलें आहे. चार रंगांच्या नियमाच्या नादीं ते लागले नाहींत, याबद्दल त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे.

रंगाचा खरा शोध कसा घ्यावा याचा धडा पोर्ट्समथ येथील ‘व्हिक्टरी’ जहाजानें घालून दिला आहे. नेल्सनचें हें जहाज कित्येक पिढ्या ठळक पिवळ्या पट्ट्यांचें म्हणून जगाच्या परिचयाचें होतें. त्याच्या लांकडावर एकावर एक बसलेले सत्तरांहून अधिक थर सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले तेव्हां ट्रफाल्गरच्या वेळचा पट्टा पुष्कळ फिकट निघाला, व इ. स. २०१५ सालीं जहाज त्याप्रमाणें नव्यानें रंगविलें गेलें. इतक्या लेखांनीं, चित्रांनीं व हिशेबांनीं वेढलेल्या जहाजाचाहि रंग लोकांच्या समजुतींत चुकीचा राहिला होता. आपल्या वाडिया कारागिरांनीं मुंबईच्या गोदींत इ. स. १८१७ सालीं उतरविलेली ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें उभी आहे; पण तिचे काळे-पांढरे पट्टे इंग्रजी आरमाराचे आहेत, सागाखेरीज तिच्या बाह्यांगावर कोंकणचें कांहीं नाहीं. कोंकणी रंग पाहिजे असेल तर तो कोंकणी होडींतच शोधावा लागेल.

तेव्हां घरीं होडी बांधणारास आमचें सांगणें असें. पाण्यावरच्या भागास तेलाचे हात द्यावे व दरसाल पुन्हां द्यावे; तळास तेलराळेंत मळलेला चुना द्यावा; कांठाशीं एखादी रेघ ओढण्याची हौस असेल तर ती गेरूची किंवा काजळाची ओढावी, कारण हीं दोन द्रव्यें जुनीं, स्वस्त व खाऱ्या हवेस पुरून उरणारीं आहेत. शेंदूर, सफेता व हरताळ हे जुने असले तरी विष आहेत. परंपरेच्या भक्तीनें ते हाताळूं नयेत. ज्यास निळा आवडतो त्यानें खुशाल निळा द्यावा, पण तो आपल्या आवडीचा म्हणून द्यावा, भोजराजाचा म्हणून नव्हे.

संग्राहकांस मात्र एक गाऱ्हाणें सांगावयाचें आहे. रुमाल सोडतांना स्वारीचें पत्र, तहनामा, शिक्क्याची सनद हीं आपण आदरानें बाजूस काढतों, आणि ‘याद’ म्हणून सुरू होणारे तेल-चुन्याचे हिशेब परत बांधून ठेवतों. क्वचित् ते वाळवीस अर्पण होतात. सुभा आरमाराच्या व बंदरोबंदरच्या कागदांत राळ, चुना, काथ्या, खोबरेल, उंडेल, माशाचें तेल, गेरू, काजळ यांच्या वजनांच्या नोंदी जेथें जेथें असतील त्या नौकेचें नांव, तिथि व किंमत यांसह उतरून घ्याव्या. एका गलबतामागें किती मण चुना व किती तेल लागलें हें कळलें कीं तळ पांढरा होता कीं नव्हता हें वादाशिवाय ठरेल. आणि हिशेबांत गेरू नेहमीं निघाला तर तांबड्या रेघेस प्रथमच आधार मिळेल. तसेंच युक्तिकल्पतरूच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं नौकाप्रकरणाचें पान काढून शृंग व ब्रह्मादि या दोन शब्दांचा पाठ तेवढा पडताळावा. खाडीच्या कांठीं एखादी म्हातारी होडी सरपणासाठीं फोडतांना दिसली तर तिच्या नाळेजवळची वीतभर फळी मागून घ्यावी, आणि तिच्यावरचे थर न खरवडतां, तारीख व गांव लिहून, कोरड्या कपड्यांत बांधून ठेवावी.